थंडीतला सण आणि सुट्टीचा अर्थ

वसंत व्याख्यानमालेत थंडीच्या सणांवर बोलायचे म्हणजे आंब्याच्या दिवसांत हुरड्याची आठवण काढण्यासारखे आहे. पण सण अंगावर आला म्हणजे त्याचा विचार करायला कोणाला सवड असते? तेव्हा खरेदी असते, पाहुणे असतात, गाडीची गर्दी असते. सण संपून तीनचार महिने झाले, अंगातला उत्साह ओसरला, की मग त्या दिवसांनी आपल्याला काय दिले याचा हिशेब शांतपणे मांडता येतो. आम्ही आयुष्यभर हिशेबच मांडत आलो आहोत. पगाराचा, बोनसचा, रजेचा. आज एक निराळा हिशेब मांडायचा आहे. नाताळ आणि त्याच्या आगेमागे येणारे थंडीतले सण यांत माणसाच्या आत्म्याला काही मिळते काय, आणि मिळत असेल तर ते कोणत्या वाटेने मिळते, हा आजचा विषय.

आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. १९८२ सालच्या गिरणी संपात आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण काही रात्रशाळेत आणि बरेचसे कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात झाले. तेव्हा जे सांगू ते कामगाराच्या अंगाने सांगू. श्रोत्यांनी ते तसेच घ्यावे.

पहिला प्रश्न असा, की जगात इतक्या लोकांचे मोठे सण थंडीच्याच दिवसांत का येतात? याचे उत्तर आधी आकाशात आणि मग शेतात शोधले पाहिजे. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो. आपल्या मुंबईत तो दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, म्हणजे फारसे काही बिघडत नाही. लंडनमध्ये तो आठ तासांनाही पुरत नाही. स्टॉकहोममध्ये सहा तासांच्या आसपास येतो आणि आणखी उत्तरेला गेले तर सूर्य उगवतच नाही. शेत बर्फाखाली, गुरे गोठ्यात, दुपारी तीनचार वाजता अंधार. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला उद्यापासून दिवस तसूभर मोठा होणार ही बातमी केवढी वाटत असेल! शिवाय त्या दिवसांत शेतीचे काम थांबलेले असे, धान्य घरात आलेले असे, आणि हिवाळाभर चारा पुरणार नाही म्हणून काही जनावरे कापलेली असत. सवड आणि अन्न ही दोन्ही एका वेळी हाताशी असण्याचा वर्षातला हाच काळ. सण याच दोन खांबांवर उभा राहतो.

आपली संक्रांतही याच कुळातली. सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणून आपण उत्तरायण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो डिसेंबरातच वळलेला असतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि हे वळण एकाच सुमारास पडत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार संथपणे घुमत असल्यामुळे संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, आणि सरकत सरकत ती १४-१५ जानेवारीवर आली आहे. म्हणजे नाताळ आणि संक्रांत ही एकाच आकाशाखाली वाढलेली भावंडे आहेत. एकाच्या घरी केक भाजतात, दुसऱ्याच्या घरी तीळ भाजतात, एवढाच फरक.

येशूचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला असे बायबलमध्ये कोठेही लिहिलेले नाही. रोम शहरात या तारखेला हा जन्मोत्सव मानला जात होता, याची नोंद इसवी सनाच्या चौथ्या शतकातली आहे. आर्मेनियाचे ख्रिस्ती लोक आजही ६ जानेवारीला तो साजरा करतात. रशियाचे जुन्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे आपल्या ७ जानेवारीला. रोममध्ये त्याच दिवसांत त्याआधीपासून शनिदेवाचा उत्सव होत असे. त्याची एक रीत आम्हांला फार बोलकी वाटते. त्या दिवसांत गुलामांना मोकळीक असे, आणि काही घरांत मालक गुलामांना आपल्या पंक्तीला घेत किंवा स्वतः वाढत. दोनचार दिवसांचीच ही उलटापालट, पुढे पुन्हा साखळ्या होत्याच. पण वर्षातून एकदा का होईना, वाढणारा बसतो आणि बसणारा वाढतो, ही कल्पना माणसाला सुचली, आणि ती थंडीच्या सणात सुचली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता इतिहासातली एक गंमत सांगतो. इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध यादवी होऊन सत्ता कडव्या धर्मसुधारकांच्या हाती गेली, तेव्हा १६४७ साली तिथल्या पार्लमेंटने नाताळच बंद केला. त्यात खाणेपिणे आणि धुडगूस फार, शास्त्राचा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. पण उमेदवार कारागीर आणि नोकरचाकर यांच्या वर्षातल्या सुट्ट्या या सणांबरोबरच गेल्या. त्यांनी अर्थातच ओरड केली. तेव्हा पार्लमेंटने तोड काढली, की सणांऐवजी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांना करमणुकीसाठी सुट्टी द्यावी.

आमच्यासारख्या माणसाला हा करार कागदावर फायद्याचा दिसतो. वर्षाला बारा सुट्ट्या, त्याही ठरलेल्या वारी! पण लोकांना तो पटला नाही. त्याच वर्षी नाताळाच्या दिवशी कँटरबरी शहरात दुकाने उघडी ठेवण्याच्या हुकमावरून दंगल झाली. १६६० साली राजा परत आला आणि नाताळही परत आला. दुसऱ्या मंगळवारची आज कोणाला आठवणही नाही. आम्ही यावरून एक गोष्ट शिकलो. सुट्टी आणि सण या दोन वस्तू निराळ्या आहेत. नुसती सुट्टी म्हणजे रिकामे भांडे. ते हवेच, कारण भांड्याशिवाय पाणी राहत नाही. पण तहान भांड्याने भागत नाही. त्या दिवशी सारे गाव एकाच वेळी थांबते, एकाच गोष्टीची आठवण काढते, एकमेकांच्या दारी जाते. यातूनच सुट्टीचा सण होतो.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. भांडे नसेल तर सण टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली, कारखाने आले आणि कामाचे तास सूर्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहून ठरू लागले. इंग्लंडच्या १८३३ च्या कारखाना कायद्याला कापड गिरण्यांतील मुलांना नाताळची सुट्टी मिळेल असे मुद्दाम लिहावे लागले, यावरून न लिहिता काय होत होते ते समजावे. स्कॉटलंडात तर १९५८ पर्यंत नाताळ ही सार्वजनिक सुट्टी नव्हती. कितीतरी कामगार त्या दिवशी नेहमीसारखे डबा घेऊन कामावर जात.

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट याच काळातली, १८४३ च्या डिसेंबरातली. तिच्यातला कंजूष स्क्रूज मराठी वाचकांनाही ठाऊक आहे. पण ती गोष्ट कशातून निघाली हे फार थोड्यांना ठाऊक असते. डिकन्स बारा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि त्याला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवण्याचे काम करावे लागले. पुढे १८४३ साली खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी अहवाल त्याच्या वाचनात आला. तो हादरला. त्यावर एक पत्रक काढावे असे त्याच्या मनात होते. मग त्याने विचार बदलला आणि पत्रकाऐवजी गोष्ट लिहिली. तिच्यातला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांवर काम करतो आणि नाताळची एक दिवसाची भरपगारी रजा मागतो. मालकाला वाटते, ही आपल्या खिशावर दरवर्षीची धाड आहे. आम्ही ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा जागचे उठलोच. हा संवाद आम्ही किती वाटाघाटींच्या टेबलावर ऐकला आहे! स्क्रूजचे मन भुताने पालटले. आमच्या वाट्याला भुते आली नाहीत, म्हणून आम्हांला युनियन काढावी लागली.

मुंबईत हे भांडे कोणी घडवले? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभेत मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे होते, आणि मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी ही ठळक होती. सहा वर्षे खटपट चालली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाचा तो चर्चला जाण्याचा वार, आणि गिरणगावातल्या देशावरच्या माणसाचा तो खंडोबाचा वार. एकाच सुट्टीत दोन्ही देव मावले, कोणाची अडचण झाली नाही. आज रविवारी सकाळी निवांत चहा पिताना यामागे कोणाची सहा वर्षे आहेत याची आठवण काढली, तर आमच्या मते ती प्रार्थनाच झाली.

आता एक आमच्या घरची गोष्ट. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडीलही होते. पुढच्या वर्षीची संक्रांत आली तेव्हा घरात येणे असे काही नव्हते. आईने डब्यातून मूठभर तीळ काढले आणि तशीच उभी राहिली, कारण गूळ नव्हता. शेजारच्या खोलीतल्या काकूंकडे गूळ होता, पण रॉकेल नव्हते. पलीकडच्या मामींकडे स्टोव्हात रॉकेल होते, पण तीळ नव्हते. कोणी सभा भरवली नाही, ठराव केला नाही. दुपारी गॅलरीत एकच स्टोव्ह पेटला आणि साऱ्या मजल्याचे लाडू एका परातीत वळले गेले. प्रत्येकाच्या हाती सुपारीएवढा एक आला. वडील संपाच्या वर्षात फार अबोल झाले होते. त्या संध्याकाळी ते परात घेऊन स्वतः दारोदार गेले आणि ज्यांच्याशी संपावरून बोलणे तुटले होते त्यांनाही 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणाले. त्यांतला एक कामावर परत गेलेला होता. तो लाडू हातात घेऊन काही वेळ नुसता उभा राहिला. त्यानंतर घरी पैसा आला असे नाही. संपही जिंकला गेला नाही. परंतु आपण एकटे नाही, हे तेराव्या वर्षी आम्हांला कळले ते त्या परातीने.

दुसरी गोष्ट आमच्या चुकीची आहे. २००२ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात आम्ही सणाच्या सुट्ट्यांची यादी ठरवत होतो. शेवटची एक जागा उरली. वसईकडचा एक फिटर उभा राहिला आणि नाताळ घाला म्हणाला. सव्वादोनशे कामगारांत ख्रिस्ती तो एकटा. बाकीच्यांना होळीचा दुसरा दिवस हवा होता. आम्ही हात वर करायला लावले, मोजले आणि बहुमत झाले असे जाहीर केले. तो काही बोलला नाही. त्या वर्षी २५ डिसेंबरला तो पहिल्या पाळीला आला. मध्यरात्रीची मिस्सा करून तसाच आला होता, डोळे लाल होते. आणि २६ तारखेला त्याने एक मोठा डबा आणला. आत नेवऱ्या आणि कुलकुल. घरी नाताळला शेजाऱ्यांकडे ताट पाठवण्याची रीत आहे, तुम्हीच शेजारी, असे म्हणून तो प्रत्येक यंत्रापाशी गेला. आमच्यापाशीही आला. आम्ही नेवरी घेतली, पण ती घशाखाली उतरेना. हात मोजणे ही लोकशाहीची सुरुवात आहे, शेवट नव्हे, हे आम्ही व्याख्यानांत सांगत आलो होतो. ते आम्हांला एका नेवरीने शिकवले. पुढच्या वर्षी आम्हीच उठून नाताळ यादीत घालण्याचा ठराव मांडला. होळीवाल्यांपैकी एकानेही विरोध केला नाही. त्यांनीही तो डबा खाल्ला होता.

मग अध्यात्म कशाला म्हणावे? पुस्तकांत याची उत्तरे मोठी आहेत. आमचे लहान आहे. आपण एरवी ज्याला यंत्राचा भाग, गिऱ्हाईक, पहारेकरी किंवा शत्रू म्हणून ओळखतो तो आपल्यासारखाच जीव आहे, हे अंगाला लागणे म्हणजे अध्यात्म. वारीत अनोळखी माणसाला माउली म्हणून वाकून नमस्कार करतात, त्याचा अर्थ याहून वेगळा नसावा.

हे शत्रूच्या बाबतीतही घडते याचा दाखला १९१४ सालचा आहे. पहिल्या महायुद्धाला पाच महिने झाले होते. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी नाताळपुरते युद्ध थांबवा अशी विनंती केली, ती राज्यकर्त्यांनी मानली नाही. पण बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या खंदकांत २४ डिसेंबरच्या रात्री जर्मन शिपायांनी मेणबत्त्या लावल्या आणि गाणी म्हटली. पलीकडून इंग्रजांनी गाण्यानेच उत्तर दिले. सकाळी माणसे हात वर करून मधल्या मोकळ्या जमिनीत आली. तंबाखू, बटणे, खाऊ यांची अदलाबदल झाली. तिथे आठवडेच्या आठवडे पडून असलेले आपापले मृत दोन्हीकडच्यांनी पुरले. आपल्या गढवाल रायफल्सच्या जवानांसमोरही असेच घडले, ज्यांचा हा सणही नव्हता. सगळीकडे हे झाले नाही. काही ठिकाणी त्या दिवशीही गोळ्या सुटल्या आणि माणसे मेली. तरी एक लाखाच्या आसपास शिपाई यात सामील झाले असावेत असा अंदाज आहे. वरिष्ठांना ते रुचले नाही. पुढच्या वर्षी असे काही होऊ नये म्हणून कडक हुकूम निघाले, आणि युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंत चालले.

कोणी म्हणेल, मग त्या एका दिवसाचा उपयोग काय? आमचे उत्तर असे, की सण हा खिडकीसारखा असतो. तिच्यातून पलीकडचे अंगण दिसते. तिथे जायचे असेल तर दार पाडावे लागते आणि ते काम वर्षाच्या उरलेल्या दिवसांचे आहे. खंदकातल्या शिपायांना अंगण दिसले, पण त्यांच्यापाशी संघटना नव्हती. रोमच्या गुलामालाही ते दिसत होते. जे सणाच्या दिवशी दिसले ते दुसऱ्या दिवशी विसरायचे नाही, हीच सणाची खरी उपासना.

आता आजच्याकडे वळू. आज थंडीतले सण बाजाराने भरून गेले आहेत. नाताळच्या आठवड्यात दुकाने दिव्यांनी लखलखतात, दारात कापसाचे बर्फ पडते. आम्ही बाजाराचे वैरी नाही, त्यातही कामगारांचे पोट आहे. पण ज्या रात्री आपण घरी मेजवानी मागवतो, त्या रात्री ती घेऊन जिने चढणारा मुलगा कोणाच्या सणाला मुकलेला असतो? इस्पितळातली परिचारिका, सोसायटीचा पहारेकरी, बसचा वाहक यांना त्या दिवशी काम असतेच, ते थांबवताही येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवण्यास मोकळीक दिली. त्याच कायद्याने कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि सणाच्या भरपगारी सुट्ट्याही दिल्या, आणि त्यांतल्या चार सुट्ट्या कोणत्या हे मालक-कामगारांनी मिळून ठरवायचे आहे. ही दुसरी बाजू किती जणांना ठाऊक असते? किती ठिकाणी ती यादी खरोखर बसून ठरवली जाते?

इंग्लंडात नाताळच्या दुसऱ्या दिवसाला बॉक्सिंग डे म्हणतात. सणाच्या दिवशी राबलेल्या नोकरांना आणि वर्षभर दारी येणाऱ्या हरकाम्यांना त्या दिवशी पैशाची किंवा वस्तूंची पेटी देण्याची चाल होती, म्हणून ते नाव. बक्षिशीची ही चाल आम्हांला पुरी पडत नाही, कारण देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. आमच्या फिटरने त्याच तारखेला जे केले ते याहून थोर होते. ज्याचा सण आम्ही हिरावला तोच देणारा झाला.

तेव्हा येत्या थंडीसाठी आमच्या तीन साध्या सूचना आहेत. सणाचा एक दिवस तरी खरोखर थांबा, घड्याळ काढून ठेवा. ही सवड कोणीतरी लढून मिळवलेली आहे. दुसरे, त्या दिवशी ज्याचा सण नाही किंवा ज्याला सण करता येत नाही अशा एकाच्या दारी ताट घेऊन स्वतः जा, पाठवू नका. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फराळापेक्षा दहा मिनिटांचे बसणे अधिक पुरते. आणि तिसरे, तुमच्या सणापायी कोण कामावर आहे ते नावाने विचारून घ्या, आणि त्याच्या सणाला तुम्ही त्याची पाळी घ्या. आमच्या त्या कारखान्यात पुढे ही रीतच पडली. ईदेला कोण, नाताळला कोण, दत्तजयंतीला कोण, अशी अदलाबदलीची वही कँटीनच्या खिळ्याला टांगलेली असे. तिच्यावर कोणा साहेबाची सही नव्हती.

ती वही आम्ही अजून जपून ठेवली आहे. कारखाना बंद झाला, फिटर निवृत्त होऊन वसईला गेला. डिसेंबरच्या २६ तारखेला त्याचा डबा मात्र येतो, आणि संक्रांतीला आमचा तिकडे जातो.